वीरकाची फिर्याद

गंभीर नाटकात विनोदी प्रवेश कशासाठी घालतात, असा प्रश्न केला तर आपल्याकडील बहुतेक रसिक एकच उत्तर देतील : प्रेक्षकांच्या मनावरचा भार क्षणभर हलका व्हावा म्हणून. करुणरसाचा घास घशाखाली उतरावा यासाठी पानात डावीकडे थोडी चटणी वाढावी, तसा हा प्रकार समजला जातो. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. पुष्कळ नाटकांत विनोदाची कामगिरी तेवढीच असते. परंतु एक नाटक असे आहे की, त्यातील विनोदी प्रवेशाला चटणी समजून बाजूला सारल्यामुळे एका निरपराध माणसाला सुळावर जाण्याची पाळी येते. ते नाटक म्हणजे मृच्छकटिक, आणि तो प्रवेश म्हणजे त्याच्या सहाव्या अंकातील दोन नगररक्षकांचे भांडण. ही चूक प्रथम नाटकातील न्यायाधीश करतो. पुढे वाचक आणि प्रयोग बसविणारे तीच चूक करीत राहतात. ती काय आहे हे दाखविण्यापुरताच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मृच्छकटिकाची मराठी वाचकांस ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. शूद्रकाच्या नावावर चालत आलेल्या या दहा अंकी प्रकरणाला गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी संगीत मराठी रूप दिले, आणि चारुदत्त, वसंतसेना, मैत्रेय, शकार ही माणसे उज्जयिनीतून उठून महाराष्ट्रातील घराघरांत येऊन बसली. पुढील विवेचन मात्र मी मूळ संस्कृत नाटकास अनुसरून करणार आहे. भासाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या नाटकांत ‘चारुदत्त’ नावाचे चार अंकी नाटक आहे. त्याचे व मृच्छकटिकाच्या पहिल्या चार अंकांचे साम्य इतके आहे की, कोणी कोणाचे घेतले याविषयी पंडितांत वाद चालत आलेला आहे. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या चार अंकांत गाड्यांची अदलाबदल नाही, नगररक्षक नाहीत आणि न्यायसभाही नाही. म्हणजे ज्या भागाविषयी मला बोलावयाचे आहे तो मृच्छकटिकाचा खास आपला भाग होय.

आता कथानकाचा अवश्य तेवढा धागा हाती घेऊ. पुष्पकरंडक नावाच्या जुन्या उद्यानात वसंतसेनेने चारुदत्तास भेटावे असे ठरले आहे. तिला नेण्यासाठी चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक पडद्याची गाडी घेऊन दाराशी येतो. पण गाडीतील बैठक घरी राहिल्याचे आठवून तो गाडीसह परत जातो. तेवढ्यात राजाचा मेहुणा शकार याची गाडी, वाट गावगाड्यांनी अडल्यामुळे, त्याच दाराशी थांबते, आणि वसंतसेना ती आपलीच गाडी समजून तिच्यात बसून निघून जाते. इकडे पालक राजाने बंदीत टाकलेला गवळ्याचा पोर आर्यक बेड्या तोडून पळालेला आहे; तुटक्या बेडीची साखळी त्याच्या पायात अजून लोंबते आहे. बैठक घेऊन परत आलेल्या वर्धमानकाच्या गाडीत तो मागच्या बाजूने चढतो. वेसण लागल्यामुळे बैल अनावर झालेले असतात. गाडीवानाला त्यांना सोडून मागे वळून पाहता येत नाही. त्याच्या कानावर साखळीचा आवाज पडतो आणि तो समजतो की, बाईंच्या पायांतील नूपुर वाजले. तो बैल हाकतो.

वाचकांनी हा साखळीचा आवाज विसरू नये. पुढे न्यायसभेत जी साक्ष चारुदत्ताला भोवते, तिचे मूळ एवढ्याशा आवाजात आहे.

वाटेत नगररक्षकांची चौकी आहे. पळालेल्या बंद्याचा शोध चालू असून वीरक आणि चंदनक हे दोघे अधिकारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवीत आहेत. गाडी कोणाची, आत कोण, असे विचारताच गाडीवान मनापासून सांगतो की, गाडी चारुदत्तांची, आत वसंतसेनाबाई, आणि जाणे पुष्पकरंडकाकडे. चंदनक म्हणतो, मग जाऊ दे. चारुदत्त आणि वसंतसेना यांना या नगरात कोण ओळखत नाही? वीरकाचे उत्तर असे की, ओळखतो मी सर्वांना, पण राजकार्य आले की बापालाही ओळखत नाही. या एका उत्तरात सगळा वीरक आला. असा शिपाईगडी आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेला असतो : प्रामाणिक, ताठर, कामात चोख आणि ओळखीपाळखीला बहिरा.

अखेर चंदनक गाडीत डोकावतो. आत आर्यक. तो अभय मागतो आणि चंदनक ते देऊन बसतो. खाली उतरून तो वीरकाला सांगू लागतो की, मी आत आर्याला पाहिले. शब्द पुल्लिंगी निघून जातो. लगेच सावरून तो स्त्रीलिंगी रूप पुढे करतो. वीरकाच्या कानाला हे खटकते. तेव्हा चंदनक जी सबब सांगतो ती मोठी मौजेची आहे : आम्ही पडलो दक्षिणेकडचे लोक, आमचे बोलणे अस्पष्ट, नाना देशांच्या भाषा तोंडात बसलेल्या, त्यात एखादा प्रत्यय इकडचा तिकडे झाला तर काय बिघडले? एका प्रत्ययावर एका माणसाचा जीव टांगलेला आहे, आणि तो वाचविण्यासाठी एक पोलीस अधिकारी व्याकरणातील आपले अज्ञान पुढे करतो आहे! वर्गात हा प्रवेश वाचताना विद्यार्थी हसतात, आणि त्यांनी हसावे अशीच नाटककाराची इच्छा आहे.

वीरक हसत नाही. तो म्हणतो, तू पाहिलेस, आता मीही पाहीन. त्यावर चंदनक भांडण उकरून काढतो. दोघे एकमेकांची जात काढतात. आणि वीरक गाडीवर चढू लागताच चंदनक त्याचे केस धरून त्याला खाली ओढतो व लाथ मारतो. वीरक संतापून न्यायसभेत फिर्याद करण्याची प्रतिज्ञा करतो. गाडी पुढे जाते. राजाच्या मर्जीतील माणसाशी वैर ओढवून घेतल्यामुळे चंदनकही आपला गोतावळा घेऊन आर्यकाच्या पक्षाला मिळण्यासाठी निघून जातो.

एकाच गाडीविषयी येथे तीन साक्षी तयार झाले आहेत. गाडीवानाने आवाज ऐकला आणि त्यावरून आत बाई आहे असे मानले. चंदनकाने डोळ्यांनी पाहिले आणि जे पाहिले त्याच्या उलट सांगितले. वीरकाने पाहिलेच नाही. जे ऐकले तेवढे त्याच्यापाशी आहे, आणि ते तो एका अक्षराचाही फरक न करता सांगणार आहे. ज्याने पाहिले तो खोटे बोलला. जो खरे बोलतो त्याने पाहिलेले नाही. आणि याहून विलक्षण असे की, चंदनकाच्या खोट्याने एक जीव वाचला, तर वीरकाच्या खऱ्याने दुसरा जीव जाण्याच्या बेतात येणार आहे. पाणिनीने साक्षी हा शब्द साक्षात पाहणाऱ्याची संज्ञा म्हणून सांगितला आहे. त्या अर्थाने पाहता या चौकीवर साक्षी एकच होता, आणि तो न्यायसभेत कधीच आला नाही.

यापुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. वसंतसेना शकाराच्या हाती सापडते. तो तिचा गळा दाबतो, ती मेली असे समजून तिला पानांनी झाकतो, आणि न्यायसभेत जाऊन चारुदत्तानेच पैशासाठी तिचा खून केला अशी फिर्याद करतो. नवव्या अंकातील ही न्यायसभा संस्कृत नाट्यवाङ्मयात अपूर्व आहे. न्यायाधीश, म्हणजे अधिकरणिक, मूर्ख नाही आणि दुष्टही नाही. वादी-प्रतिवादी सत्य झाकून ठेवतात, आपल्या बाजूचे दोष सांगत नाहीत आणि दूषण मात्र न्यायाधीशाच्या माथी येते, हे त्याला पुरते कळते. चारुदत्ताला पाहताच अशा चेहऱ्याचा माणूस हे कृत्य करणार नाही असे त्याला वाटते, आणि तो त्याला आसन देववितो. त्याचे दुबळेपण एवढेच की, तो राजाच्या मेहुण्याला भितो. आज तुझे काम चालणार नाही असा निरोप पाठविल्यावर शकार जेव्हा राजाला सांगून न्यायाधीशच बदलवितो अशी धमकी देतो, तेव्हा त्याचे काम ताबडतोब पटलावर येते. सरकारदरबारी खेटे घातलेल्या वाचकाला या जागी फार टीपा लागणार नाहीत.

शकार बोलू लागताच त्याच्या तोंडून निघून जाते की, वसंतसेना मारली गेली, पण मी मारली नाही. कोणी विचारलेले नसताना! कायस्थ ते शब्द लिहून घेतो, आणि शकार आपल्या पायाने ती अक्षरे पुसून टाकतो. येथेही आपण हसतो. पण पाहा, नाटककाराने सत्य कोठे ठेवले आहे : पुन्हा एका हास्यास्पद चुकीत. चौकीवर चंदनकाची जीभ घसरली तेथे सत्य होते, न्यायसभेत शकाराची जीभ घसरली तेथेही सत्य होते. एक चूक व्याकरणाच्या सबबीने झाकली गेली, दुसरी पायाने पुसली गेली. ज्यांनी ऐकली त्यांनी ती गंमत म्हणून सोडून दिली.

त्यानंतरच्या साक्षी ओळीने तपासाव्यात. वसंतसेनेची वृद्ध आई सांगते की, मुलगी आपल्या मित्राकडे गेली आहे, आणि तो मित्र म्हणजे चारुदत्त. हे खरे आहे. ती तुझ्याकडून गेली ती पायी की गाडीने, असे चारुदत्ताला विचारतात. तो म्हणतो, माझ्यासमोर गेली नाही, मला काय ठाऊक? हेही खरे आहे. मैत्रेय न्यायसभेत शकाराशी हातघाईवर येतो आणि त्याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. तिने ते चारुदत्ताच्या लहान मुलाला, मातीच्या गाडीऐवजी सोन्याची गाडी करून घे म्हणून, दिले होते; ते परत पोहोचविण्यास मैत्रेय निघाला होता. दागिने खरे आहेत. ते आपल्या मुलीचे आहेत काय असे आईला विचारताच ती म्हातारी म्हणते की, तसेच दिसतात खरे, पण ते नव्हेत. संपूर्ण सभेत चारुदत्ताला वाचविण्याची शक्यता जर कोणत्या एका वाक्यात असेल तर ती या खोट्या वाक्यात आहे, आणि ते वाक्य बोलते कोण? जिच्या मुलीचा खून झाल्याचा आरोप आहे, ती आई! पण चारुदत्ताला तेच विचारतात आणि तो सांगतो, होय, तिचेच. पुन्हा खऱ्याने घात केला.

आणि मैत्रेय सभेत येण्यापूर्वीच फणफणत आलेला असतो वीरक. तो खुनाच्या कामी आलेलाच नाही. त्याला लाथ बसली आहे. रात्रभर तळमळून तो आपली फिर्याद घेऊन आला आहे. तो सांगतो की, पळालेल्या बंद्याचा शोध करताना पडद्याची गाडी आली. चंदनकाने पाहिले, मीही पाहतो म्हणालो, तो त्याने मला लाथ मारली. अधिकरणिक त्याला एकच प्रश्न विचारतो : ती गाडी कोणाची होती? वीरक उत्तर देतो : या चारुदत्तांची, आत वसंतसेना बसून पुष्पकरंडकात जात आहे असे गाडीवानाने सांगितले. झाले! अधिकरणिक हळहळतो, निर्मळ चंद्राला राहूने ग्रासले असे काहीसे काव्यमय बोलतो, आणि वीरकाला सांगतो की, तुझी फिर्याद मागाहून पाहू. आधी दाराशी घोडा उभा आहे त्यावर बसून उद्यानात जा आणि तेथे एखादी स्त्री मरून पडली आहे काय ते पाहून ये.

माझ्या मते सगळ्या नाटकाची कळ या ‘मागाहून पाहू’मध्ये आहे. अधिकरणिकाने वीरकाच्या निवेदनाचे दोन भाग केले : एक गंभीर, म्हणजे गाडी आणि वसंतसेना, दुसरा क्षुल्लक, म्हणजे लाथ. गंभीर भाग त्याने घेतला, क्षुल्लक भाग पुढे ढकलला. वास्तविक गंभीर भाग हा निव्वळ ऐकीव होता, आणि प्रत्यक्ष अनुभवाचा भाग काय तो लाथेचा होता! ‘तू स्वतः आत पाहिलेस काय?’ हा एक प्रश्न, आणि ‘चंदनकाने तुला पाहू का दिले नाही?’ हा दुसरा. हे दोन प्रश्न विचारले असते तर गाडीत वसंतसेना होती या समजुतीचा पायाच डळमळला असता. आपला एक अधिकारी दुसऱ्याला स्त्रीदर्शनापासून परावृत्त करण्यासाठी लाथ मारणार नाही. आत काही तरी वेगळे होते हे पोराटोरालाही कळले असते. चंदनकाला बोलावणे धाडले असते तर तो सहकुटुंब नाहीसा झाल्याचे उघड झाले असते. लाथेची फिर्याद हाच पुरावा होता. न्यायाधीशाने तो हास्यास्पद म्हणून बाजूला ठेवला.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो हलका नाही. चौकशी त्या वाटेने गेली असती तर चारुदत्त सुटला असता काय? त्याच गाडीतून आर्यक उद्यानात पोहोचला होता. चारुदत्ताने त्याची उरलेली बेडी काढवून जुन्या विहिरीत टाकविली होती आणि त्याला आपल्याच गाडीतून वाटेला लावले होते. म्हणजे खुनाच्या आरोपातून निघून तो राजद्रोहाच्या आरोपात पडला असता. आक्षेप खरा आहे. पण त्याने माझे म्हणणे दुबळे न होता उलट बळावते. कारण चारुदत्ताचे न्यायसभेतील मौन आपण सामान्यतः वेश्येच्या स्नेहाची लाज आणि खानदानी स्वभाव यांवर टाकून मोकळे होतो. लाज आहेच. परंतु गाडीचा प्रश्न निघताच त्याच्यापुढे दुसरी अडचणही उभी राहते, आणि नाटककार ती शब्दांनी न सांगता प्रसंगांच्या मांडणीने सुचवितो : खरे सांगावे तर शरण आलेल्याचा घात होतो. म्हणून खरे बोलणारा वीरक, खोटे बोललेला चंदनक आणि न बोलणारा चारुदत्त हे तिघे मिळून एका गाडीची साक्ष पुरी करतात. त्यांतील एकाला घेऊन न्याय करू पाहणाऱ्याच्या पदरी अन्यायच पडणार.

वीरक उद्यानातून परत येऊन सांगतो की, श्वापदांनी खाल्लेले एका स्त्रीचे प्रेत मी पाहिले; उरलेले केस आणि हातपाय यांवरून ती स्त्री असे ओळखले. या वेळी त्याने खरोखरच डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तरीही निष्कर्ष खोटा! वाटेत झाड कोसळून एक स्त्री मेल्याचे आठव्या अंकात विट जाता जाता बोलून गेलेला असतो. हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, असे कोणी म्हटले तर मी फार वाद घालणार नाही. रचनेतील ही जागा थोडी कच्चीच आहे. पण तिच्यातही एक बोचणारी गोष्ट आहे. ती मेलेली बाई कोण होती, हे न्यायसभेत कोणी विचारीत नाही, नाटकभर कोणी विचारीत नाही. तिचे प्रेत दुसरीच्या मरणाचा पुरावा म्हणून उपयोगी पडले, एवढेच तिचे प्रयोजन. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला नाव मात्र आपण आधीच ठरवून ठेवलेले असते.

परस्परविरोधी साक्षींचा विषय निघाला की, आजकालचा सुशिक्षित वाचक जपानी चित्रपट ‘राशोमोन’चे नाव घेतो. अकुतागावा यांच्या १९२२ सालच्या कथेवरून अकिरा कुरोसावा यांनी १९५० साली तो चित्रपट केला. एका रानात घडलेल्या मृत्यूची हकीकत प्रत्येक साक्षीदार निराळी सांगतो, आणि प्रत्येकाच्या हकीकतीत सांगणाऱ्याची आपली प्रतिमा थोडी उजळलेली असते. कृती थोर आहे यात संशय नाही. पण तेथे साक्षींतील विरोधाचे कारण माणसाचा अहंकार हे आहे. आपल्या वीरकापाशी अहंकार फार तर लाथेपुरता आहे. त्याच्या साक्षीत काही सजविलेले नाही, काही लपविलेले नाही. लबाड साक्षीदार ओळखण्याच्या युक्त्या धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ सांगितल्या आहेत. प्रामाणिक साक्षीदाराचे काय करावे हा प्रश्न त्याहून कठीण असून शूद्रकाने तोच हाती घेतला आहे.

प्रामाणिक साक्षी परस्परविरुद्ध कशा होतात, हे पाहण्यासाठी उज्जयिनीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदी धरणाने अडविली आहे. ऐन वैशाखात, धरणात साठा असताना, त्या बांधावर दोन माणसे पाठीला पाठ लावून उभी करावीत. एकाला दृष्टी पोहोचेल तेथवर पाणी दिसेल. दुसऱ्याला खाली उघडे पडलेले नदीचे पात्र दिसेल. घरी जाऊन एक सांगेल, पूर्णा भरलेली आहे. दुसरा सांगेल, पूर्णा आटलेली आहे. दोघांनाही शपथ घाला, दोघेही तेच सांगतील, आणि दोघांतील एकालाही खोटा म्हणता येणार नाही. मात्र ‘तू कोणत्या अंगाला तोंड करून उभा होतास?’ असे कोणी विचारावयास हवे. तो प्रश्न साक्षीदाराला आपण होऊन सुचत नाही, कारण त्याने पाहिले तेवढीच त्याची नदी असते. तो सुचावयास हवा तो विचारणाराला.

आणि विचारणाराचे शब्द उत्तरात कसे उतरतात हे आता प्रयोगानेही दाखविले गेले आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकेतील संशोधकांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचे चित्रपट दाखवून त्यांच्या वेगाचा अंदाज विचारला. मोटारी एकमेकींवर आदळून चुराडा झाल्या अशा अर्थाचा शब्द प्रश्नात घातला तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. एकमेकींना लागल्या असा सौम्य शब्द घातला तेव्हा ते सुमारे ३२ मैलांवर उतरले. दृश्य एकच, डोळे सारखेच. बदलला तो प्रश्नातील शब्द. अधिकरणिकाने ‘गाडी कोणाची?’ असे विचारले म्हणून वीरकाने गाडीच्या मालकाचे नाव सांगितले. ‘गाडीत कोण होते हे तुला कशावरून कळले?’ असे विचारले असते तर त्याच प्रामाणिक माणसाने त्याच प्रामाणिकपणे सांगितले असते की, मला पाहू दिले नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही या अंकाचा विचार मनोरंजक होतो. मनुस्मृतीत समक्ष पाहिल्याने आणि ऐकल्यानेही साक्ष सिद्ध होते असे म्हटले आहे. तेव्हा वीरकाचे ऐकीव बोलणे ग्राह्य धरल्याबद्दल अधिकरणिकाला आपल्या काळाच्या मोजमापाने फार दोष देता येणार नाही. इंग्रजी अमदानीत झालेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने पाहण्याजोग्या गोष्टीची साक्ष पाहणारानेच द्यावी असा दंडक घातला, आणि २०२४ च्या १ जुलैपासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. खऱ्याखोट्यात चार बोटांचे अंतर, असे आपल्याकडे म्हणतात. कान आणि डोळा यांतील ते चार बोटांचे अंतर कायद्याने मोजून दिले. परंतु डोळ्याने पाहिलेलेही पुरेसे नसते, हे उद्यानातील त्या अनामिक प्रेताने दाखविले आहे. त्याला कायद्यापाशी उपाय नाही. तेथे विचारणाराची जागरूकता हाच एक उपाय.

मराठी रंगभूमीने हा वारसा विसरलेला नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मध्ये साक्षीदारांमागून साक्षीदार येऊन बोट दाखवितात आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे प्रत्येकाला हसत हसत खोटे पाडू पाहतो. तेथे साक्षी एका मुखाने बोलतात, विरोध करतो तो एकटा आरोपी. प्रेक्षक सर्व काही जाणून असल्यामुळे त्याच्या उलटतपासणीवर हसतो आणि हसता हसता थोडा चरकतोही, की हे आपल्या बाबतीत झाले असते तर? विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये खेळ म्हणून मांडलेल्या न्यायालयात गावातला एक भोळा सामंत हातातल्या कादंबरीतून साक्ष रचून सांगतो. सगळे हसतात, आणि त्या बनावट साक्षीचा बाण लीला बेणारेच्या खऱ्या जखमेवर जाऊन बसतो. हसण्यावारी नेलेले बोलणेच कोणाच्या तरी जिवाशी येते, हा मृच्छकटिकातील धडा येथे उलट्या बाजूने गिरविलेला दिसेल. शूद्रकाच्या न्यायसभेने गमतीतील सत्य टाकून दिले. तेंडुलकरांच्या न्यायसभेने गमतीतील सत्याने एका स्त्रीला ठेचले.

दहाव्या अंकात आणखी एक साक्षीदार येतो, त्याचा उल्लेख केल्याविना हे विवेचन पुरे होणार नाही. शकाराचा गाडीवान स्थावरक याला सर्व ठाऊक असते. म्हणून धन्याने त्याला वाड्याच्या माडीवर बेडी घालून कोंडलेले असते. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत असल्याची दवंडी ऐकून तो जिवावर उदार होऊन खाली उडी टाकतो आणि चांडाळांना खरे ते सांगतो. शकार म्हणतो, हा माझ्याकडचा चोर, मी याला मारले म्हणून वैराने बोलतो. गुलामाचे खरे आणि धन्याचे खोटे यांत चांडाळांनी कोणाचे मानावे? त्यांनी धन्याचे मानले. पाहणे पुरेसे नाही, खरे बोलणेही पुरेसे नाही. ज्याच्या बोलण्याला जगात वजन नाही त्याची साक्ष उडी मारून आली तरी जमिनीवरच आपटते. चारुदत्त वाचला तो कोणाच्या साक्षीने नव्हे. मेलेली म्हणून ठरलेली वसंतसेना स्वतः चालत आली म्हणून. सर्व साक्षींवर ही एकच तोड, आणि ती प्रत्येक आरोपीच्या नशिबी नसते.

तेव्हा मृच्छकटिकाचा प्रयोग बसविताना ज्यांना वेळेच्या अडचणीमुळे कात्री हाती घ्यावी लागते त्यांना एवढीच विनंती आहे की, ती सहाव्या अंकावर चालवू नये. तो प्रवेश गेला तर वीरक न्यायसभेत एकाएकी उगवलेला वाटतो, त्याची लाथ निरर्थक होते, आणि अधिकरणिकाची चूक प्रेक्षकाला दिसतच नाही. मग उरते ती फक्त दुष्ट मेहुण्याची आणि सज्जन ब्राह्मणाची साधी गोष्ट. तो प्रवेश पुरता हसून पाहिला म्हणजे नवव्या अंकात प्रेक्षक अस्वस्थ होतो, कारण न्यायाधीशाला जे विचारावयाचे सुचत नाही ते त्याच्या जिभेवर आलेले असते.

शेवटी राज्य पालटते. आर्यक गादीवर बसतो, स्थावरकाचे दास्य सुटते, आणि चारुदत्ताच्या शब्दावरून चंदनकाला साऱ्या पृथ्वीच्या रक्षणाचा अधिकार मिळतो. ज्याने चौकीवर खोटी साक्ष दिली तो पोलिसांचा मुख्य झाला. त्याने एका शरणागताला वाचविले, म्हणून आपण त्याचे अभिनंदनही करतो. वीरकाचे पुढे काय झाले, हे नाटकात सांगितलेले नाही. त्याची फिर्याद मागाहून पाहू असे अधिकरणिकाने सांगितले होते, आणि ती कोणी पाहिली नाही.